आधी उडी, मग फासा

रविवारी दुपारी टिळकवाडीत माझ्या घरी आमचा खेळ रंगतो. मी एक राज्य रचते, नद्या, किल्ले, राक्षस सगळं. खेळणारे त्यातली पात्रं होतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पूर्वी मी अख्खी गोष्ट आधीच ठरवून आणायचे. शाळेत शिकवते ना, पोरांना रांगेत चालवायची सवय. पण ही मंडळी खजिन्याची गुहा सोडून भलत्याच गावात खानावळ काढून बसायची. शेवटी मी हात टेकले. म्हटलं, तुम्ही न्याल तिकडं गोष्ट जाईल.

सगळे खूश झाले. रवळू सोडून.

रवळू खानापूरकडचा, मच्छेच्या एका कारखान्यात नोकरीला. त्याच्या घरी विहीर खणायची असो की म्हैस घ्यायची, देवळात कौल लावतात. मूर्तीवर फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. हा गडी माझ्या फाशाकडूनही तेच मागायचा. "फासा टाकतो, मोठा पडला तर जाऊ." माझं डोकंच फिरायचं.

त्या रविवारी तर जास्तच फिरलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी खरा कौल लागणार होता. सौम्याशी लग्न करावं की नाही, याचा. सौम्या त्याच्याच कारखान्यात हिशेब बघते, घरी कन्नड बोलते, मराठीत इकडच्या बायकांसारखं स्वतःला 'करतो, जातो' म्हणते, आणि आमच्या खेळात त्याच्या शेजारीच बसते. "माझं मन हाय गं तिच्यावर," तो मला म्हणाला होता, "आईच्या कानावर गेलंय, पर मी माझ्या तोंडानं कसं सांगू? देव काय म्हणतोय बघू."

खेळात सौम्याचं पात्र पुराच्या पलीकडं राक्षसांच्या तावडीत सापडलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, तीच एकटी पुढं गेली होती. मधला पूल मोडकळीला आलेला. मी रवळूला विचारलं, "काय करतोस?"

"फासा टाकतो. धाच्या वर पडला तर जातो."

"जावं का हे फासा सांगत नाही रे!" मी ओरडलेच. "गेल्यावर काय झालं ते सांगतो. आधी उडी, मग फासा."

सौम्या हळूच म्हणाली, "मी तिकडं एकटी हाय, रवळू. येत न्हाय म्हण, चालंल. पर ते तू सांग. फाशानं सांगितलेलं मला नको."

रवळूचे कान लाल झाले. "जातो," तो म्हणाला. "काय व्हायचं ते होऊ दे."

फासा पडला. दोन. फळी तुटली आणि आमचे वीर वाहून चालले. मला वाईट वाटलं, पण फासा म्हणजे फासा. "आता?"

"पवतो," रवळू म्हणाला. फाशाकडं त्यानं पाहिलंही नाही. मला तेव्हा तो फार आवडला.

मग तो उठला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, आईला फोन लावला. "आई, उद्या कौल लावू नको. मला सौम्याशीच लगीन करायचंय. देवाला नारळ देऊ, पर इचारायचं न्हाय."

त्याच्या आईचा, मालुबाईंचा आवाज या बांधावरून त्या बांधाला ऐकू जाणारा. फोनमधून आम्हालाही आला.

"आरं मुडद्या, मग बोलायचं न्हाईस व्हय? तू तोंड उघडंनास, म्हणून देवाला इचाराय निघालतो मी!"

रवळू हसता हसता रडायला लागला. सौम्यानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"आत्ती," तिनं सासूला मारतात ती हाक मारली, "मी सौम्या बोलतोय."