शिंपीकाकांची थरथर

मित्रांनो, मी एक विजेवर चालणारा टूथब्रश आहे. जुना म्हणावे तर माझे अंग नवे आहे, आणि नवा म्हणावे तर मोटार सात वर्षांची आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी सडपातळ, पांढराशुभ्र आणि गुळगुळीत होतो. त्या गुळगुळीतपणाचा मला भारी तोरा होता. मी आलो एका शिंपीकाकांच्या घरी. काकांनी चाळीस वर्षे कपडे बेतले, पण उतारवयात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. सुईत दोरा जाईना, सदऱ्याची गुंडी लागेना. त्यांच्या ओल्या हातातून मी तर रोज निसटायचो. माझे बटण मसुराएवढे. त्यांचा अंगठा त्यावर ठरतच नसे. शेवटी काकू बटण दाबून देऊ लागल्या, आणि काका आरशाकडे पाठ करून दात घासू लागले.

त्यांची पुतणी इंजिनिअरिंगला होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने मलाच मागून नेले. थरथरत्या हातांना पेलेल असा ब्रश तिला घडवायचा होता. जोडीला तिची मैत्रीण होती. उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणत. दोघींनी माझी शिवण कापली आणि मोटार, बॅटरी, तारा एका ताटलीत मांडल्या. मग ओल्या मातीत काकांच्या मुठीचा ठसा घेतला. त्यावरून माझी नवी, जाड मूठ बनली. बटण गेले, हातात धरताच मी सुरू होऊ लागलो. आत हालचाल मोजणारा चिमुकला सेन्सर बसला. काकांनी मला दहा मिनिटे धरून ठेवले आणि त्यांच्या हाताची थरथर माझ्यात नोंदली गेली. ती ओळखून माझी मोटार उलट हलायची आणि डोके स्थिर ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आरशात बघून दात घासले.

दोन आठवड्यांनी काका झोपेतच गेले.

काही दिवसांनी पुतणी पुन्हा कॉलेजात आली. परीक्षेसाठी मला तिथल्या प्रयोगशाळेत, कुलूपबंद खणात ठेवले होते. भर दुपारी मी सुरू झालो. आपण होऊन नाही, मित्रांनो. मला कोणीतरी धरले होते. पाच बोटे मुठीवर टेकली, आणि अंगठा बाजूला घसरला. खण गुरगुरू लागला. शिडीने कुलूप काढले, तर आत माझ्याशिवाय काही नव्हते.

"पाणी गेलं असेल आत," ती म्हणाली.

पुतणीने मला उघडले. ओलाव्याचा टिपूसही नव्हता. तिने मला कॉम्प्युटरला जोडले, तेव्हा पडद्यावर त्या दुपारची ताजी रेघ उमटली. शेजारी तिने जुनी नोंद ठेवली. दोन्ही रेघा एकाच हाताच्या होत्या. शिडीने खुर्ची मागे सरकवली, ती परत पुढे आणलीच नाही.

प्रोजेक्टचे सर म्हणाले, सर्किट बिघडले आहे, जुनी नोंद पुसा आणि नव्याने चाचणी घ्या. परीक्षा दोन दिवसांवर होती. नोंद पुसायच्या बटणाकडे पुतणीचे बोट पुढे जाई आणि मागे येई. शेवटी ती मला घेऊन काकूंकडे आली. काकू भाजी निवडत होत्या. काही न सांगता तिने मला त्यांच्या हातात दिले. काकूंचा हात स्थिर होता. मी मात्र थरथरत होतो.

काकूंनी मूठ आवळली.

"ह्यांचाच हात आहे हा," त्या हळूच म्हणाल्या.

नोंद ठेवू का, असे पुतणीने विचारले.

"नको गं. थांबव आता. दमले असतील."

पुतणीने तिथेच बसून लॅपटॉपवरून नोंद पुसली. काकूंच्या मुठीत मी निमूट झालो. त्यांनी मला लगेच खाली ठेवले नाही.

परीक्षेत कॉलेजच्या म्हाताऱ्या माळीबुवांनी मला धरले. त्यांचाही हात कापरा होता, आणि मी तो नीट सांभाळला. खूप कौतुक झाले. पुढच्या वर्षी नवे प्रोजेक्ट आले आणि मी काचेच्या कपाटात गेलो. माझी बॅटरी काढली आहे. तरी कधी कोणी मुले मला उचलतात, चटकन खाली ठेवतात आणि तळवा कपड्याला पुसतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे एवढेच, की वापरलेली वस्तू हाती घेण्याआधी ती कोणाच्या हातची, ते विचारा. आणि मला उचललेत, तर मूठ पूर्ण मिटा. मध्ये कोणाला जागा ठेवू नका.