बाबांची निळी गाडी

धाकटी शोरूममध्ये बसायला लागून तीन महिने झाले, पण तिच्या हातून एक गाडी खपेल तर शपथ. आजोबांनी हा गाड्यांचा धंदा उभा केला, बाबांनी वाढवला, आता तिची पाळी. पण गिऱ्हाईक दारात दिसलं की बाबा अशी झेप घेत की तिच्या वाट्याला नुसत्या काचा पुसणं उरायचं.

त्या दुपारी मात्र बाबा जेवून वरच्या मजल्यावर घोरत होते. आजोबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. तेवढ्यात गावातल्या सुईणबाई आल्या.

"पोरं काही वेळ बघून जन्माला येत नाहीत," त्या म्हणाल्या. "चावी फिरवली की पळणारी गाडी दाखव."

त्या पाच गाड्यांत बसून पाहून उतरल्या. एकीची सीट खोल, दुसरीचं दार जड, तिसरीला नव्या बुटांचा वास. शेवटी त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. "ती निळी?"

निळी बाबांची होती. धाकटी घाईने म्हणाली, "ती नऊ वर्षं चाललीय हो."

"म्हणजे चालते."

धाकटीने आजोबांकडे पाहिलं. पेपर खाली आला नाही, पण पेपरामागून आवाज आला, "कागद दुकानाच्या नावावर आहेत. आणि दुकान अजून माझ्या."

मग धाकटीने काहीच लपवलं नाही. डावा वायपर कुरकुरतो, दुसरा गिअर नखरे करतो.

"नखऱ्यांचं मला काय सांगतेस?" सुईणबाई हसल्या. "मी रोज नवे नवे बाप सांभाळते."

तासाभरात निळी गेली. बाबा जांभई देत खाली उतरले.

"बाबा, मी गाडी विकली!"

"विकलीस?" बाबांनी तिला कडकडून मिठी मारली. "एकटीने? शाब्बास! वाघीण आहेस!" आणि मिठीतूनच त्यांना टेबलावर गाडीतून काढून ठेवलेला आपला गॉगल, आपली उशी आणि आपल्या चपला दिसल्या. मिठी सैल पडली. "कुठली विकलीस?"

आजोबांचा पेपर गदागदा हलायला लागला.

बाबा तरातरा सुईणबाईंच्या घराकडे निघाले, मागे धाकटी. बाई गाडीतच बसल्या होत्या, शेजारी त्यांची बॅग, आणि गाडी आचके देत होती.

"बरं झालं आलात!" त्या ओरडल्या. "तिकडे बाळ अर्ध्या वाटेवर आहे आणि तुमचा हा दुसरा गिअर पडत नाही!"

बाबा भांडायला आले होते, पण पाय आपोआप खिडकीपाशी गेले. "दामटू नका तिला. आधी पहिल्यात, मग जरा थांबा... आता हळूच. अस्सं!"

निळी भुर्रकन निघून गेली. बाबा रस्त्यात तोंड उघडं टाकून उभे राहिले. परत येताना ते धाकटीकडे वळले.

"वायपरचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"गिअरचं?"

"तेही."

"आणि तरी घेतली?" बाबांनी मान हलवली. "मला नसतं जमलं, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भांग पाडून शोरूमच्या पुढच्या दाराने आत आले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐटीत बसले. दुपारपर्यंत त्यांनी सहा गाड्यांना नाकं मुरडली.

"असलं चिवट गिऱ्हाईक उभ्या आयुष्यात पाहिलं नाही," आजोबा पुटपुटले.

धाकटीने बाह्या सरसावल्या आणि सातव्या गाडीची चावी काढली.