बोर्गहिल्डला न म्हणता येणारी ओळ

डोंगरावरचा बर्फ खाली आला तेव्हा बोर्गहिल्ड माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होती. बाहेर लख्ख ऊन होतं. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या, मग कपाटातल्या बशा वाजायला लागल्या.

"बोगद्यात सुरुंग लावतायत की काय?" मी म्हटलं.

ती उठून खिडकीशी गेली होती. खाडीपलीकडे तिच्या घरावर पांढरा लोट उठला होता. तो विरला तसं घर दिसलं, अंगणातली गाडी दिसली. गोठा मात्र दिसेना. तिचा नवरा टोर्लाइव्ह मेंढ्यांना चारा घालायला गोठ्यात गेला होता.

डोंगराच्या त्या अंगाने बर्फ कधी घसरल्याचं आमच्या स्कार्डविक गावात कुणालाच आठवत नव्हतं. सगळं गाव फावडी घेऊन धावलं. टोर्लाइव्ह कुठे लागतो ते पाहायला आम्ही ओळीने उभे राहून लांब सळया बर्फात खुपसत होतो. सगळ्यात पुढे आन्फिन होता, टोर्लाइव्हचा थोरला भाऊ. गावच्या प्रार्थनाघरात दर गुरुवारी तोच उपदेश करायचा. सत्तरीचा माणूस, पण फावडं खाली ठेवायला तयार नव्हता.

आधी मेंढ्या सापडल्या. छप्पर वाकून त्यांच्यावर तंबूसारखं उभं राहिलं होतं आणि त्याखाली सगळ्या मेंढ्या जिवंत, अंगाला अंग चिकटवून उभ्या. एक तर रवंथ करत होती. टोर्लाइव्ह दाराशी सापडला, त्यांच्यापासून चार हातांवर. त्याच्या भुवयांवर बर्फ होता आणि तो वितळत नव्हता.

बोर्गहिल्डने त्याच्याकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे.

"मेंढ्या?" ती म्हणाली. "मेंढ्या जिवंत?" आणि ती हसली. मी तिला घट्ट धरून ठेवलं, पण ते हसू माझ्या अंगावर काट्यासारखं उभं राहिलं.

दफन झालं. मग लोक यायला लागले. कुणी वॉफल आणले, कुणी माशाचं कालवण. सोबत आणलेली वाक्यंही ठेवून जायचे. शाळेतली शिक्षिका म्हणाली, "देवाची काहीतरी योजना असते गं."

"असेल की," बोर्गहिल्ड म्हणाली. "त्या योजनेत मेंढ्यांचा नंबर आधी होता म्हणायचा."

त्यानंतर योजनेचं नाव कुणी काढलं नाही.

ईस्टर झाल्यावर ती पहिल्यांदा प्रार्थनाघरात आली. माझ्या शेजारी बसली. गाणी झाली, उपदेश झाला, आणि शेवटी आम्ही सगळे उभे राहून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे पोचलो आणि तिने समोरच्या बाकावर हात आपटला.

"थांबा!"

सगळे थांबले.

"मला हे म्हणता येत नाही. घरी म्हणून पाहिलं, तोंडातून निघत नाही. त्याची इच्छा झाली ना एकदा? मी पाहिली ती! आता आणखी होवो म्हणून मी वर मागू?"

आता आन्फिन तिला गप्प करणार, असं मला वाटलं. कडक माणूस तो; प्रार्थनेच्या मध्ये खोकलेलंही त्याला चालायचं नाही. तो व्यासपीठाची कड धरून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मलाही येत नाही," तो म्हणाला.

आम्हाला नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"आमची लीव्ह गेली ना लहानपणी, तेव्हापासून. मी नुसते ओठ हलवतो."

लीव्ह म्हणजे त्याची मुलगी. तिला जाऊन तीसएक वर्षं झाली होती. इतकी वर्षं दर गुरुवारी हा माणूस आमच्यापुढे उभा राहून ओठ हलवत होता! मागच्या बाकावर कुणाची तरी गाण्याची वही खाली पडली, ती उचलायलाही कुणी वाकलं नाही.

बोर्गहिल्डचा राग एकदम उतरला. ती हळूच म्हणाली, "मग तुम्ही टिकलात कशावर, आन्फिन?"

"त्याच प्रार्थनेतल्या भाकरीच्या ओळीवर, 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे'. ती म्हणता येते. आजची दे म्हणायचं. उद्याची मागायचा धीर होत नाही, म्हणून मागत नाही. उद्या उजाडलं की पुन्हा त्याच्याच दाराशी जायचं. त्याने मला अजून हाकललेलं नाही."

तेव्हापासून बोर्गहिल्डने तेच धरलं. मेंढ्या विकून टाक म्हणून मुलीचा फोन यायचा, ही म्हणायची, "आज नाही विकत." सकाळी गोठ्याकडे जाताना, म्हणजे नव्या पत्र्याच्या शेडकडे, ती पायवाटेवर थांबायची. "काय मागतेस?" मी एकदा विचारलं. "दारापर्यंत ने म्हणते. आत गेल्यावर पुढचं मागते." भांडायचीही देवाशी, मोठ्याने. शेजारच्या घरी ऐकू जायचं.

पुढच्या फेब्रुवारीत त्याच डोंगरावरून पुन्हा बर्फ घसरण्याचा इशारा आला. दुपारी सगळ्यांना घरं सोडून प्रार्थनाघरात यायला सांगितलं. आम्ही पांघरुणं घेऊन बसलो. बाहेर वारा छताची पन्हळ खडखडवत होता. आन्फिन कॉफीचा कप धरून खिडकीतून डोंगराकडे बघत बसला होता. बोर्गहिल्डने कप त्याच्या हातातून काढून घेतला, त्याचा हात धरला आणि प्रार्थना सुरू केली. आम्ही तिच्यामागून म्हणायला लागलो.

ती ओळ आली तशी ती थांबली. आन्फिन थांबला. आणि मग सगळेच थांबले. समोर तो डोंगर असताना ते शब्द कुणाच्याच तोंडून निघेनात. फक्त माझा आवाज सवयीने पुढे गेला होता. 'तुझ्या इच्छेप्रमाणे' एवढं मी एकटीच म्हणाले, आणि मला दरदरून घाम फुटला. लहानपणापासून मी ही ओळ म्हणत आले होते. आपण काय देवाच्या हवाली करतोय, ते मला त्या क्षणी कळलं: माझा नवरा, माझं घर, खिडकीतलं ऊन, सगळं.

"म्हण," बोर्गहिल्ड कुजबुजली. "आमच्या वतीने म्हण. आम्ही तुला धरलंय."

मी 'होवो' म्हटलं.

डोंगर तसाच राहिला. दोन दिवसांनी आम्ही घरी गेलो.

आन्फिन त्याच उन्हाळ्यात झोपेतच गेला. शेवटपर्यंत त्याने ती ओळ म्हटली की नाही, ते मला ठाऊक नाही. बोर्गहिल्डचं मात्र सांगते. मागच्या वर्षी प्रार्थना चालू असताना माझ्या कानाशी तिचा आवाज आला, त्याच ओळीवर, न अडखळता. मी हबकून तिच्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर विचारलं, "कधीपासून गं?"

ती मफलर गुंडाळत होती. "आठवत नाही," ती म्हणाली. "एकदम नाही आलं. आधी 'तुझ्या' आलं, मग कितीतरी दिवस तेवढंच."