सातचं जेवण

"कमाल केली तुम्ही, ताराचंदजी. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊवरून साडेसहावर आली. गोळी आता अर्धीच घ्या," रिपोर्ट वाचत डॉक्टर मुग्धा म्हणाल्या.

"फक्त सातच्या आत जेवून राहिलो, मॅडम. बाकी काई केलं नाही मी."

"मग तेच कामी आलं."

शेजारी बसलेला मुलगा, सुशील, खूश झाला. ताराचंदांनी मात्र रिपोर्टाची घडी घालून खिशात कोंबली. इतकं सोपं होतं तर!

सीताबर्डीतल्या साड्यांच्या दुकानात त्यांनी बत्तीस वर्षं घड्या उलगडल्या आणि पुन्हा घातल्या. दुकान बंद झालं की पानठेल्यावर गप्पा, घरी यायला दहा. बायकोला, शामलाला, साखरेचा आजार होता. आठची गोळी ती आठलाच घ्यायची, पण नवऱ्याआधी जेवायची नाही. दोन तास तशीच रिकाम्या पोटी. एकदा ताराचंद आले तर ती साखर उतरून स्वयंपाकघरात पडलेली, ओट्यावर दोन ताटं झाकलेली. सकाळपर्यंत सगळं संपलं. त्या दिवशी ठेल्यावर गप्पा जरा जास्तच रंगल्या होत्या, हे चार वर्षांत ते कुणाजवळ बोलले नाहीत.

सातला जेवायला लागल्यापासून रोज हेच व्हायचं. पहिला घास घेतला की शामला दारात येऊन उभी राहायची. बोलायची नाही, नुसती बघायची. चिडली असती तर बरं झालं असतं.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्यांनी ताट परत पाठवलं. "भूक नाही मले. दहाले पाहू." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. उपास म्हणा की प्रायश्चित्त, आपली तब्येत सुधारल्याची त्यांना लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी साडेआठला ते पाणी प्यायला उठले. सून श्वेता ओट्याला टेकून उभी होती, तोंड उतरलेलं. ऑफिसातून सहाला आलेली, पोटात चहाशिवाय काही नाही. तिच्यामागे दोन ताटं झाकलेली होती.

"तू काहून नाही जेवली?"

"तुमचं झाल्याबिगर कशी बसू, बाबा? आईबी थांबत होत्या ना."

"किती दिवस झाले?"

"चार. होते सवय."

शिक्षा स्वतःला द्यायला निघाले होते आणि भोगत होती ही.

"उद्यापासून सातलेच जेवू, दोघंबी संगंच," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "उद्या कशाले, आत्ताच बस."

ताटं त्यांनी स्वतः उचलून आणली. वरण गार झालं होतं. श्वेता आधी संकोचली, मग मान खाली घालून भराभर जेवू लागली. शामला दारात उभी होतीच. ताराचंद जरासे सरकले आणि शेजारी जागा केली.

"बस ना वं आता," ते हळूच म्हणाले.

श्वेताचा घास हातातच राहिला. ती तर केव्हाची बसलेली होती.