धाकटीपेक्षा मोठा टॅब

थोरली दुभाषी होती, आणि धाकट्या बहिणीलाही तिनेच दुभाषी केलं होतं. धाकटी ज्या ट्रॅव्हल कंपनीत कामाला होती ती बंद पडली, तेव्हा थोरलीने तिला आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि हे काम शिकवलं. समोरचा माणूस चार-पाच मिनिटं बोलतो, थांबतो, आणि मग दुभाष्याने ते सगळं दुसऱ्या भाषेत सांगायचं. एवढं डोक्यात राहत नाही आणि शब्दन्‌शब्द उतरवायला वेळ नसतो, म्हणून खुणा करायच्या. वाढलं की वर जाणारा बाण, नकार आला की फुली, 'पण' आला की पानभर आडवी रेघ. या खुणा थोरलीने कित्येक वर्षं कामं करता करता हाताला बसवल्या होत्या. धाकटीने त्या वर्षभरात उचलल्या.

धाकटीचा जम बसला तेव्हा थोरलीला मनापासून बरं वाटलं. ती चारचौघांत सांगायची, "माझ्या हाताखाली तयार झाली." पण धाकटीला तिच्यापेक्षा जास्त कामं मिळायला लागली तसं तिने हे सांगणं कमी केलं. आणि धाकटीने टॅब घेतला तेव्हा बंदच केलं.

टॅब पातळ होता, राखाडी रंगाचा, आणि त्याच्या कडेला एक पांढरं पेन लोहचुंबकाने चिकटून बसायचं. धाकटी ते पेन दोन बोटांनी अलगद सोडवायची आणि काचेवर लिहायला लागायची. मीटिंगमधले लोक वक्त्याचं बोलणं सोडून तिच्या हाताकडे बघत. एजन्सीच्या बाई, ज्या दोघींना कामं देत, एकदा थोरलीला फोनवर म्हणाल्या की तुमच्या बहिणीचं बघा, पानं उलटल्याचा आवाज माइकमध्ये येत नाही, पाहुण्यांसमोर दिसतंही नीटनेटकं. पाहुणे तिला विचारत होते म्हणे, या खुणा कुठे शिकलात.

"मग काय म्हणाली ती?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. हसली नुसती."

ते हसणं थोरलीच्या मनातून जाईना. भाजी चिरताना, इस्त्री करताना, बसची वाट बघताना तिला ते हसणं दिसायचं, जे तिने प्रत्यक्षात पाहिलंच नव्हतं. माझं नाव घ्यायला जीभ झडली असती का, असं ती स्वतःशी म्हणायची. मग एका संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं की आपण टॅब घेतोय.

नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. त्याने आठवण करून दिली की बाजूला टाकलेले पैसे नव्या वॉशिंग मशीनसाठी आहेत, जुनं गळायला लागलंय. थोरली म्हणाली की कपडे मी हाताने धुवीन. कुठल्या वायरीला हात लावायचा नाही हे कळण्यावरच त्याची नोकरी टिकली होती, तेव्हा तो गप्प बसला.

पैसे बेताचे होते. धाकटीच्या टॅबची निम्मी किंमतसुद्धा त्यात भागत नव्हती. थोरलीने रोज जेवणानंतर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. एक तरुण म्हणायचा, नोट्स काढायला दहा इंच पुरे. दुसरा म्हणायचा, दहा इंचांत लिहिणं म्हणजे पोस्टकार्डावर निबंध. कुणी म्हणे बॅटरी बघा, कुणी म्हणे पेन बरोबर येतं का ते बघा, वेगळं घ्यायला गेलं की तिथेच खिसा कापला जातो. सगळेच हसतमुख होते आणि सगळ्यांनाच त्यांच्या हातातली वस्तू फार आवडलेली होती. थोरलीने आपल्याला काय काय हवं ते मनाशी ठरवलं. बॅटरी दिवसभर टिकावी, वजन कमी असावं, पेन चांगलं असावं. पण खरी अट एकच होती, आणि ती तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. तो धाकटीच्या टॅबपेक्षा मोठा दिसला पाहिजे.

धाकटीला कुठून तरी कळलं. तिने फोन केला. आधी म्हणाली, मी येते दुकानात बरोबर, फसवतात गं. थोरलीने नको म्हटलं. मग धाकटी जरा अडखळत म्हणाली की हा घेण्याआधीचा माझा जुना टॅब पडूनच आहे, पेनासकट. छान चालतो. नेतेस का?

"मला कुणाचं उष्टं नको," थोरली म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं असावं. धाकटीने भावोजी कसे आहेत ते विचारलं आणि फोन ठेवला.

नवऱ्याबरोबर दुकानात पोहोचताच थोरलीने सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. तो बजेटमध्ये बसत होता, कारण कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पेन वेगळं घ्यावं लागणार होतं. दुकानदार म्हणाला की याला कंपनीचं पेन नाही, पण हे सगळ्यांना चालतं, आणि त्याने रबरी टोकाचं एक जाडसर पेन पुढे केलं. नवरा म्हणाला, लिहून बघ. तिने उभ्याउभ्या, हात काचेला न टेकवता दोन शब्द लिहिले. उमटले. कीबोर्ड असलेलं कव्हर फुकट मिळत होतं. एवढा मोठा काळाभोर टॅब पिशवीतून घरी आणताना तिला किती दिवसांनी हलकं वाटलं.

कामाच्या दिवसापर्यंत तिने तो जपून ठेवला, आणि पहिलं काम आलं ते दोघींना एकत्रच. दिवे बनवणारा एक कारखाना बंद होणार होता. परदेशी मालकांचा मॅनेजर आला होता आणि कामगारांना, म्हणजे बहुतेक बायकांना, भरपाई कशी मिळणार ते समजावून सांगणार होता. मॅनेजरचं बोलणं बायकांना सांगायचं काम थोरलीकडे होतं, बायकांचे प्रश्न मॅनेजरला सांगायचं धाकटीकडे. कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. एजन्सीच्या बाई दाराजवळ उभ्या होत्या. थोरलीने आपला टॅब उघडला तेव्हा धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे वा, मोठा आहे." थोरलीला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं.

मॅनेजर बोलायला लागला. थोरलीने सवयीप्रमाणे हात टेकवला आणि पहिला बाण काढला, तर स्क्रीनवर तळव्याखाली एक वेडीवाकडी रेघ आली. तिने हात उचलला. अधांतरी हाताने लिहायला गेली तर अक्षर पेनाच्या मागे रेंगाळत यायला लागलं, हट्टी पोरासारखं. तिने घाई केली, आणि पान आपोआप मोठं झालं, मग बाजूला सरकलं. मॅनेजर थांबण्याचं नाव घेईना. कायम कामगारांना काय मिळणार, कधी मिळणार, आजारी असणाऱ्यांचं काय, आणि मग भराभर आणखी काहीतरी. ती पान शोधत होती तोवर ते कानांवरून गेलं.

तो थांबला. थोरली उभी राहिली आणि आठवणीवर बोलायला लागली. तिची आठवण मोठी पक्की होती, आणि बरंचसं तिने बिनचूक सांगितलं. पण शेवटाला आली तेव्हा पुढे नुसता पांढरा उजेड होता. तेवढ्यात धाकटीने, काही न बोलता, टेबलावरचा आपला टॅब तिच्या बाजूला फिरवला.

थोरलीने खाली पाहिलं. मग मान वर केली आणि समोर बघत म्हणाली, "एवढंच." आणि ती खाली बसली.

धाकटी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग उठून उभी राहिली आणि तिने शांतपणे सांगितलं की एक मुद्दा राहिलाय: कंत्राटावर असलेल्यांनाही भरपाई मिळेल, मात्र त्यांना या महिन्यातच अर्ज करावा लागेल. शेवटच्या दोन रांगांत बसलेल्या बायका, ज्या इतका वेळ दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारख्या बसल्या होत्या, एकदम पुढे झुकल्या. एकीने तोंडावर पदर धरला. एजन्सीच्या बाईंनी थोरलीकडे पाहिलं.

काम संपल्यावर थोरलीने धाकटीला जिन्यात गाठलं.

"सगळ्यांसमोर पाडलंस मला."

"मी तुला दाखवलं होतं ताई."

"मला दिसलं नाही."

धाकटीने बॅग खांद्यावर घेतली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवसानंतर दोघींचं बोलणं थांबलं. थोरली घरात भांडी आपटत होती. धाकटीला पहिल्यापासून पुढे पुढे करायची सवय, असं तिने नवऱ्याला सांगितलं. मी शिकवलं नसतं तर आज कुठे असती, असंही सांगितलं. नवरा ऐकून घ्यायचा. एकदा तो जुन्या वॉशिंग मशीनच्या मागे वाकून गळकी नळी बघत होता, तेव्हा तिने हे सगळं परत सुरू केलं, आणि त्याने तिथूनच, वर न बघता विचारलं, "तिने टॅब फिरवला, तेव्हा त्यावर काय होतं ते तू वाचलंस का?"

थोरलीने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"वाचलं."

कंत्राटाची खूण म्हणजे अर्धवट सोडलेलं वर्तुळ. ती थोरलीचीच खूण होती, आणि धाकटीने ती इतकी स्वच्छ काढली होती की लांबूनही वाचता आली असती. तिला ते कळलं होतं, आणि तरीही तिने ते सांगितलं नव्हतं, कारण ते धाकटीच्या काचेवरून सांगावं लागलं असतं. त्या मागच्या रांगा तिला दिसत होत्या. त्या बायका महिनाभर काहीच न कळता घरी बसल्या असत्या. नवऱ्याने नळी घट्ट केली, हात पुसले आणि पाना पेटीत ठेवून दिला. त्याने दोन शब्द सुनावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती टॅब घेऊन दुकानात गेली. दुकानदार पैसे परत द्यायला तयार होईना, पण बदलून देतो म्हणाला. या वेळी तिने खुर्ची मागितली. टॅब टेबलावर आडवा ठेवला, तळवा काचेवर सगळा टेकवला, आणि कामाला बसल्यासारखं लिहिलं. दुकानात टीव्हीवर कुणीतरी बोलत होतं, तेच उतरवायला सुरुवात केली. एकावर अक्षर मागे राहत होतं, तो बाजूला केला. एक छान होता पण मनगट भरून येईल इतका जड. शेवटी एक लहानसा, मागल्या वर्षीचा, मळकट निळा टॅब तिच्या हाताला बसला. पेन डब्यातच होतं. तळवा टेकला तरी रेघ येत नव्हती, आणि अक्षर पेनाच्या टोकाला चिकटूनच निघत होतं. त्याला कीबोर्ड नव्हता, चमक नव्हती. कुणी वळून पाहिलं नसतं. तिने तोच घेतला.

तिथून ती सरळ धाकटीच्या घरी गेली. दार धाकटीनेच उघडलं. तिने आत ये म्हटलं, पण चहाचं विचारलं नाही.

"मी वाचलं होतं," थोरली उभ्याउभ्याच म्हणाली. "तू दाखवलंस ते."

"मला माहीत आहे. तुझे डोळे ओळीवरून फिरताना दिसले मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तूच तर म्हणालीस, दिसलं नाही." धाकटी खिडकीपाशी गेली आणि तिथूनच पुढे बोलली. "मी बाईंना सांगितलंय, काही दिवस आपल्या दोघींना एका कामावर घालू नका."

थोरलीला ते झोंबलं, पण तिने मान हलवली. मग धाकटीनेच पिशवीकडे बघून विचारलं की हा कुठला. थोरलीने नवा टॅब काढून दिला. पानं कशी लावायची, एका दिवसाची कामं एकत्र कशी ठेवायची, हे तिला येत नव्हतं, आणि ते तिने सांगितलं. धाकटी शेजारी बसून दाखवायला लागली. लहानपणी दप्तरं उघडून बसायच्या तशा दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, फक्त शिकवणारी आज दुसरी होती. बऱ्याच वेळाने धाकटी उठून चहा ठेवून आली.

"चालवून तर बघ," ती म्हणाली, आणि तिने मोबाइलवर कुठलंसं भाषण लावलं. वक्ता सुसाट बोलणारा होता. थोरलीने हात टेकवला. बाण, फुल्या, रेघा भराभर खाली उतरत गेल्या. भाषण थांबल्यावर तिने ते सगळं, एकही आकडा न चुकता, एकही 'पण' न गाळता, दुसऱ्या भाषेत सांगितलं. शेवटची काही वाक्यं तर तिने टॅबकडे न बघताच सांगितली.

धाकटी ऐकत होती. त्याच भाषणाच्या खुणा तिनेही काढल्या होत्या, आणि तिच्या स्क्रीनवर याच्या दुप्पट लिहिलेलं होतं. तिने एकदा आपल्या पानाकडे पाहिलं, एकदा थोरलीच्या, आणि म्हणाली, "छान." ओठ हसले, डोळे हसले नाहीत.

ती नजर थोरलीने लगेच ओळखली. कितीतरी दिवस ती स्वतः तीच नजर घेऊन फिरत होती. तिला आतून बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि तरीही बरं वाटतच राहिलं. आत चहा उतू जायला लागला होता. "थांब, मी बघते," असं म्हणून ती उठली.