बांगडीचं माप

"ठेवा तो हातोडा खाली!" शरिफाबी दारातूनच नवऱ्यावर ओरडली. "बांगडी कुणी ठोकून भरतं का हातात?"

"ही बांगडी न्हाय, बेरिंग हाय," मोटारीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला खाजाभाई म्हणाला. "अजून दोन टोले बसले की जातंय बग."

दोन टोले बसले, चार बसले. बेरिंग काही गेलं नाही. उलट त्याची कडा उडाली आणि आतले छर्रे घरंगळत कोंबड्यांच्या पायात गेले. खाजाभाईनं हातोडा टाकला आणि डोक्याला हात लावून तो मातीतच बसला. नवं बेरिंग न बसण्याची ही दुसरी खेप होती.

झालं होतं असं. धाराशिवहून येडशी स्टेशनला उतारू नेणारी खाजाभाईची मोटार गेल्या आठवड्यात रामलिंगच्या घाटात बसली. पुढच्या चाकातलं बेरिंग फुटलं, चाक वाकडं झालं आणि गाडी नालीला टेकली. माणसं सगळी सुखरूप. पण त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. ज्या पार्टानं दगा दिला आणि तरी जीव वाचले, तो पार्ट पुन्हा गाडीत ठेवायचा नाही की घरी आणायचा नाही. घाटाखालच्या बारवेत टाकून सलाम करायचा. खाजाभाईनं फुटलेलं बेरिंग तुकड्या-तुकड्यानिशी बारवेत टाकलं, आणि तिथंच मोठी चूक झाली. आता नवं आणायचं ते कशाच्या मापानं?

पहिल्यांदा तो सोलापूरला गेला तेव्हा मोटारीच्या नाकावरचं कंपनीचं नाव सांगून बेरिंग घेऊन आला. ते ढिलं निघालं. दुसऱ्यांदा सुतळीनं माप घेऊन गेला. सुतळीला काय, ओढली तर लांब, सोडली तर आखूड. ते बेरिंग आत शिरेचना, आणि आता तर त्याची हाडंही मोडली होती.

आणि जुमेरात, म्हणजे गुरुवार, परवावर आला होता. त्या दिवशी सकाळी कचेरीपुढं मोटारींची तपासणी होती. मोटार आपल्या चाकांवर येऊन उभी राहिली तर परवाना चालू, नाहीतर येडशीची लाईन शरणबसप्पाला. शरणबसप्पाची मोटार सोलापूरला जात होती, आणि दुसरी गाडी त्यानं रंगवून तयार ठेवली होती. लढाईचे दिवस, माल मिळायची मारामार. लाईन गेली की खाजाभाईनं दुसऱ्याच्या गाडीवर नोकरी धरायची, आणि तो तर मोटारीला पुसल्याशिवाय स्वतः तोंड धूत नसे.

"गेली लाईन," तो म्हणाला. "कोळसा इकीन आता."

शरिफाबीला त्याचा हा रडवेला सूर मुळीच सोसत नसे. ती मण्याराची लेक. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायची. नुसता हात दाबला की माप सांगायची, आणि तिनं भरलेली बांगडी कधी तडकली नाही, असं अख्ख्या धाराशिवातल्या बायका सांगत.

ती चाकापाशी जाऊन बसली. आधी दांडा पाहिला, मग चाकाच्या तुंब्यातली पोकळी पाहिली.

"अजी, बेरिंग बसतं कसं, सांगा बरं मला."

"आतून ह्या दांड्यावर चढतं, बाहेरून ह्या तुंब्यात बसतं. ना ढिलं, ना घट्ट. त्याचं काय?"

"मग हे हाताचंच माप झालं की! आमच्या बांगडीचं माप बी इंचातच असतंय. इंचाचे आणे सोळा. आणा इकडं टोपली."

"अगं, लोक हसतील!"

"लाईन गेल्यावर रडतील का ते?"

खाजाभाई उठला आणि टोपली घेऊन आला.

तुंब्याचं माप लवकर निघालं. एकामागून एक पितळी कडी घालून बघता बघता एक कडं तळव्याच्या दाबानं आत गेलं आणि हललं म्हणून नाही. जागा किती रुंद आहे, ते तिनं काचेच्या बारीक बांगड्या एकावर एक रचून पाहिलं; काठाशी बरोबर झाल्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. अडलं ते दांड्याशी. पोरींच्या बांगड्यांतली सगळ्यांत लहान घातली, तीही खुळखुळली. त्याहून लहान माप टोपलीत नव्हतं.

हवं होतं ते माप म्हणजे एक इंच सहा आणे. तान्ह्या लेकराचं. ते शरिफाबी विकतच नव्हती. कुणाच्या घरी पाळणा हलला तरी ती म्हणायची, दुसऱ्या मण्यारणीकडं जा.

तिनं दांड्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग घरात गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि ती मूठ मिटून बाहेर आली. मुठीत चांदीची बारीकशी बांगडी होती. त्यांच्या लेकीच्या, गुलबानोच्या छठीला शरिफाबीच्या अम्मीनं घातलेली. गुलबानो चार महिन्यांची असतानाच देवाघरी गेली, त्याला आता वर्षं लोटली होती.

"राहू दे गं," खाजाभाई हलकेच म्हणाला. "त्याच्यापेक्षा लाईन गेलेली बरी."

शरिफाबीनं ऐकलं नाही. तिनं बांगडी दांड्यावर लावली आणि अंगठ्यानं ढकलली. सुळकन गेली आणि जागेवर बसली. ढिली नाही, घट्ट नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "उद्या मी बी येते सोलापूरला. तुमच्या हातात बांगड्या टिकायच्या न्हायत."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं निघाली, तीही शरणबसप्पाच्याच मोटारीतून. दुसरी होती कुठं? गाठोड्यात काच फुटली असती आणि हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर विक्रीचा माल म्हणून जकात मागितली असती, म्हणून शरिफाबीनं सगळं माप अंगावर घातलं होतं. कडं उजव्या हातात, रचलेल्या बांगड्या डाव्या हातात, आणि चांदीची बांगडी गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवलेली.

"काय खाजाभाई, भाभीला घेऊन सहलीला?" शरणबसप्पानं टोमणा मारला. "मजा करा. येडशीचं मी बगतो."

"बगा की," शरिफाबीच बोलली. "लांबूनच बगायचंय तुमाला."

गाडीतले उतारू खो-खो हसले. नाक्यावर जवानानं खाजाभाईचे खिसे चाचपले, शरिफाबीच्या भरल्या हातांकडं बघून "ईद तो दूर है, अम्मा," म्हणाला आणि गाडी सोडून दिली.

सोलापुरातलं महांतप्पाचं जुन्या पार्टांचं दुकान म्हणजे मोडक्या मोटारींचं कब्रस्तान. खाजाभाईला पाहताच तो गादीवरून म्हणाला, "पुन्हा आला का हो? आणि बाईंना बांगड्या भरायच्या तर ते बोळ पलीकडं हाय."

शरिफाबीनं कडं काढून त्याच्यापुढं ठेवलं. पोत सोडून चांदीची बांगडी ठेवली. काचेच्या बांगड्या एकावर एक रचल्या. "आतून हे, बाहेरून हे आणि जाडीला एवढं. असं बेरिंग द्या, अप्पा."

महांतप्पा हसायचा थांबला. तो जातिवंत दुकानदार होता. चांगलं माप त्याला बघताक्षणी कळायचं. त्यानं एक बेरिंग काढून दिलं. शरिफाबीनं ते कड्याला चिकटून उभं केलं आणि दोन्हींच्या माथ्यावरून नख फिरवलं.

"नख अडतंय."

"केसभर फरक हाय, अक्का. थोडं घासलं की बसंल."

"घासून बसवलेली बांगडी हात सुजवती. दुसरं काढा."

दुसरं काढलं, तिसरं काढलं. खाजाभाई तिच्या कानाशी कुजबुजला, "घे की गं आता, गाडी परत जाईल." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शेवटी महांतप्पालाच ईर्ष्या चढली. धोतर खोचून तो माळ्यावर चढला आणि तेलकट चिंध्यांत गुंडाळलेलं एक बेरिंग घेऊन उतरला.

नख सरळ गेलं. चांदीची बांगडी भोकावर ठेवली. भोकाची कड आत दिसेना की बाहेर दिसेना. जाडीला काचा बरोबर.

"हेच!" शरिफाबी अशी ओरडली की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"पण हे तर दुसऱ्याच कंपनीचं," महांतप्पा चकित होऊन म्हणाला. "आता आलं ध्यानात. तुमच्या गाडीला आधीच्या मालकानं पुढचे पाय, म्हणजे दांडा नि चाकं, दुसऱ्या गाडीचे लावले असणार. नाकावरचं नाव सांगून जन्मात मिळालं नसतं. वा, अक्का! असं गिऱ्हाईक रोज यावं."

संध्याकाळी अंगणात चाक चढलं. हातोडा शरिफाबीनं आधीच लपवून ठेवला होता, पण त्याची गरजच पडली नाही. खाजाभाईनं अंगठ्यांनी दाबलं आणि बेरिंग आपल्या घरी गेल्यासारखं आत गेलं. त्यानं चाकाला हात दिला. चाक फिरत राहिलं, कुरकुर नाही, खरखर नाही. खाजाभाईनं बायकोला उचलायचंच काय ते बाकी ठेवलं.

जुमेरातीला कचेरीपुढं साहेबांनी चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. परवान्यावर शिक्का बसला आणि चावडीपासून वेशीपर्यंत खाजाभाईनं विनाकारण भोंगा वाजवत मोटार नेली. शरणबसप्पानं वाटेत हात आडवा केला. "जिंकलं बाबा! भाभी, माझ्या गाडीचं बी एक चाक कुरकुरतंय. सवडीनं माप घ्या."

"बेरिंग बारवेत टाकू नका तोवर," शरिफाबी पुढच्या सीटवरून म्हणाली. "आधी माप, मग सलाम."

येडशीच्या वाटेवर रामलिंगचा घाट उतरला तसं तिनं पोतीतून चांदीची बांगडी सोडवली आणि हत्यारांची पेटी मांडीवर ओढली.

"अगं, तिथं कुठं?" खाजाभाई गडबडला. "पान्यांत ठेवतेस गुलबानोची बांगडी? ट्रंकेत राहू दे."

"पुन्हा बेरिंग गेलं तर माप हाताशी पायजे," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ट्रंकेत लई वर्सं बसली हो ती. आता रोज येडशीला जाऊन येऊ दे."

खाजाभाईनं बारवेपाशी मोटार थांबवली. गळ्यातला स्वच्छ रुमाल काढून त्यानं बांगडी त्यात गुंडाळली आणि पान्यांच्या वर, कशाचा भार पडणार नाही अशी ठेवली. मागून उतारू ओरडले, "चला की खाजाभाई, रेल्वे निघंल!" त्यानं पेटी मिटली आणि गाडी सुरू केली.