लंकाबाईच्या भिंतीवरचं पाणी

बोरटाकळीचे सरपंच एकदा हिवरे बाजार बघून आले, आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणाशी बोलले नाहीत. पाण्यात नाव काढायची सोय आता उरली नव्हती. ते हिवरे बाजारने आधीच काढलं होतं. तिकडे शिंगणापूरला घरांना दारं नाहीत म्हणून नाव. बोरटाकळीला दारं होती आणि पाणी नव्हतं, आणि एवढ्यावर कोणी बसेस भरून येत नाही. विचार करता करता सरपंचांच्या ध्यानात आलं, की आपल्याकडे माणसं आहेत आणि त्यांच्यात सुधारणेला भरपूर वाव आहे. त्यातून ‘एक घर, एक सवय’ ही मोहीम निघाली.

प्रत्येक घराने आयुष्य सुधारेल अशी एक छोटीशी सवय निवडायची, ती दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहून घ्यायची, आणि मग पाळायची. शेवटचं कलम ग्रामसभेत घाईघाईत मंजूर झालं.

मोहिमेच्या समितीचे सचिव झाले स्टीफन सर. गावच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून ते सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण शुद्धलेखन निवृत्त झालं नव्हतं. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, चर्चमधल्या सूचना, कशातूनही चुका वेचायच्या राहिल्या नव्हत्या. त्यांची बायको हन्ना मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती, तीही आता घरी असे. ती म्हणायची, “प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला तो एकदाच. तुम्ही चौतीस वर्षं ‘पानी’चं ‘पाणी’ करताय, आणि अजून कोणी प्यालं नाही.”

स्वतःच्या घरासाठी हन्नाने सवय सुचवली होती : ‘रोज एक चूक सोडून देणे.’ सरांनी ‘रोज सकाळी चालणे’ लिहून घेतलं. चालताना चुका जास्त सापडतात, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

रजिस्टर घेऊन सर घरोघर फिरले. वाल्मिकने ‘पहाटे उठणे’ लिहायला लावलं. तो दुधाच्या धंद्यापायी गेली वीस वर्षं चारला उठत होता; सवय खरी म्हशीची. भीमाने ‘रागावर ताबा’ निवडला, आणि ‘ताबा’चा काना जरा खाली आला म्हणून पेंटरला अंगणात दम भरला.

मग आलं पुंजारामचं घर. पुंजाराम ऊसतोडीला जाऊन जाऊन गुडघ्यातून गेलेला. तीन वर्षांपासून मुलगा आणि सून कारखान्यावर जात, आणि हा बायकोबरोबर नातीला सांभाळत घरी राही. गावात त्याचा मान होता तो पेपरामुळे. स्टँडवरच्या हॉटेलातला कालचा पेपर आणून तो रोज दुपारी पारावर मोठ्याने वाचायचा, आणि आठ-दहा म्हातारे माना डोलवत ऐकायचे. वांबोरीच्या घाटात बिबट्याने एका जावयाला अडवलं आणि सासुरवाडीला जाऊच दिलं नाही, ही बातमी गावाला त्याच्यामुळेच कळली. सरांच्या पेपरात ती नव्हती. आवृत्ती वेगळी असेल, असं त्यांनी धरलं होतं. शाळेत असताना ते पोरांना सांगत, “चौथीपर्यंत शिकलाय की नाही ठाऊक नाही, पण पुंजारामकडे बघा. रोज वाचतो.”

“मला सवय हायेच, गुर्जी,” अंगणात बसलेला पुंजाराम म्हणाला. “बायकोची लिवा.”

लंकाबाई आत चुलीपाशी होती. तिने दाराआडून हळूच काहीतरी सांगितलं. सरांना ऐकू आलं, “लिवा, रोज पानी वाचिते.” त्यांनी सवयीने दोन चुका दुरुस्त केल्या आणि लिहिलं : ‘रोज पाणी वाचवते.’

दोन दिवसांनी पेंटरने ते भिंतीवर उतरवलं, तेव्हा लंकाबाई बाहेर येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. न शिकलेल्या माणसाला अक्षरं चित्रासारखी दिसत असतील, असं वाटून सरांना बरं वाटलं.

फेब्रुवारीत तालुक्याहून निरोप आला, की शुक्रवारी तपासणी. सोबत तक्ता आला. त्यात प्रत्येक सवयीपुढे ‘पद्धत’ असा रकाना होता. सरांनी तो भराभर भरत आणला, आणि लंकाबाईपाशी पेन थांबलं. ही बाई पाणी वाचवते म्हणजे नेमकं काय करते?

तीन दिवस ते सकाळच्या चालण्याची वाट बदलून तिच्या घरावरून जाऊ लागले, दुपारीही एक फेरी मारू लागले. लंकाबाई हापशावरून नऊ हंडे नेत होती. शेजारीणही नऊच नेत होती. अंगणात सडा दोघींचा सारखाच. धुणं लंकाबाईचं काकणभर जास्त.

“तिलाच विचारा की,” हन्ना म्हणाली.

“विचारलं की माणूस बरं तेच सांगतं. निरीक्षण करायला हवं.”

“पासष्टीच्या माणसाने बाईमाणसाचे हंडे मोजत फिरायचं, याला निरीक्षण म्हणतात?”

“चौसष्ट,” सर म्हणाले.

निरीक्षणात एक गोष्ट मात्र सापडली. पुंजाराम चारच्या सुमारास पेपर काखोटीला मारून पाराकडे निघाला, की लंकाबाई आत जाऊन दाराला कडी घाली, आणि अर्ध्या तासाने काढी. नात ज्योती तेव्हा शाळेत असे. भरदुपारी, एकटीने, कडी लावून कोणती बाई पाणी वाचवते? सरांना रात्री झोप लागेना. चौतीस वर्षांत व्याकरणाबाहेरच्या एखाद्या गोष्टीने त्यांना असं छळलं नव्हतं.

बुधवारी चारनंतर ते घराच्या मागच्या बाजूने गेले. परसात कढीपत्त्याचं झाड होतं, त्याच्या आड छोटी खिडकी. आतून आवाज येत होता, एकेक अक्षर चिमटीत धरून उचलल्यासारखा.

“गं… गू… नं… वि… हि… री… तून… पा… नी… का… ढ… लं.”

“पाणी,” सर खिडकीबाहेरून म्हणाले. “बाणातला ण.”

आत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. मग कडी वाजली आणि लंकाबाई वळसा घालून परसात आली. तिच्या हातात ज्योतीचं दुसरीचं जुनं पुस्तक होतं.

“गुर्जी, तुमी आमच्या परसात काय करताय?”

प्रश्न रास्त होता. सर म्हणाले, “पाणी बघत होतो.”

“बघा मंग. कढीपत्त्याच्या बुडाशी हाय.”

“लंकाबाई, तुम्ही वाचताय?”

“तुमाला सांगितलंच हुतं की. लिवा म्हनलं, रोज दोन पानं वाचिते. तुमी पानी केलं.”

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक ‘पान’ दुरुस्त करून त्याचं ‘पाणी’ करून ठेवलं होतं. ते झाडाला टेकले.

“मग भिंतीवर दिसलं तेव्हा तरी सांगायचं. मी पुसून नीट लिहिलं असतं.”

“कसं सांगू? हे चुकलंय म्हनलं, तर लोक इचारतील, लंके, तुला कसं कळलं?” ती पायरीवर बसली. “मंग म्हनलं, लिवलंच हाय तर वाचवू थोडं. भांड्याचं पानी झाडाला घालते आता. कढीपत्ता लई आलाय. बाईंना न्या चार काड्या.”

“पण लपवायचं कशाला? चांगली गोष्ट आहे. मी तर म्हणतो, शुक्रवारी सगळ्यांपुढे—”

“न्हाई, गुर्जी.” ती इतक्या चटकन म्हणाली की सर थांबले. “मला येतंय हे कळलं, की उद्या पारावर कोनीतरी पेपर माज्या हातात देईल. आन मंग यांचं काय व्हईल?”

“पुंजारामचं? त्याचं काय होणार?”

लंकाबाईने त्यांच्याकडे, शाळेत सर पोरांकडे बघत तसं, बघितलं.

“त्यांना कुटं येतंय वाचाया.”

घाटातला बिबट्या सरांच्या डोळ्यांपुढून निमूटपणे निघून गेला. त्याच्यामागून जावईही गेला.

“अठ्ठावीस वर्सं झाली,” ती म्हणाली. “ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत ऱ्हात आसताना कोनीतरी म्हनलं, पुंजा, पेपरात काय हाय रं? यांनी दिलं ठोकून. लोकांना आवडलं. मंग तेच चाललं. गुडघं गेलं, कोयता गेला, तेवडा पेपर ऱ्हायलाय. भिंतीवरचं तसंच ऱ्हाऊ द्या. तुमच्या पाया पडते.”

“पाया पडू नका,” सर म्हणाले. “बघतो.”

घरी येऊन त्यांनी कढीपत्ता हन्नाच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. सचिव म्हणून तक्त्याखाली त्यांची सही होती : ‘वरील माहिती अचूक आहे.’ अचूक हा शब्द त्यांनी कधी हलक्यावारी वापरला नव्हता. खरं लिहावं तर पुंजारामचा पार जातो. खोटं लिहावं तर चौतीस वर्षं जातात. रात्री उशिरापर्यंत ते तक्त्यापुढे बसले, आणि अखेर ‘पद्धत’च्या रकान्यात त्यांनी लिहिलं : ‘रोज दुपारी चार वाजता, दार लावून.’ हे दोन्हीकडून खरं होतं.

शुक्रवारी तालुक्याहून तपासणीला राजेश्वरी मॅडम जीपने आल्या, सोबत ग्रामसेवक गोरक्षनाथ. मॅडम तरुण होत्या आणि त्यांना दुपारपर्यंत आणखी तीन गावं सुधारायची होती. लंकाबाईच्या भिंतीपुढे त्या थांबल्या, तक्ता बघून म्हणाल्या, “दार लावून? छान. बाष्पीभवन होत नसेल,” आणि पिशवीतून एक छापील कागद काढला.

“आता घरातल्या कर्त्या माणसाने ही प्रतिज्ञा वाचायची. व्हिडिओ अपलोड करायचाय. कोण वाचणार?”

“पुंजाराम,” पारावरून आलेले आठ-दहा म्हातारे एका आवाजात म्हणाले. “त्याच्याबिगर कोन वाचनार?”

पुंजारामच्या हातात कागद आला. चष्मा त्याच्या नाकावरच होता, त्यामुळे चष्मा घरात राहिला असंही म्हणता येईना. पेपरात चित्रं तरी असतात. या कागदावर फक्त सरकारी सिंह होते. आणि मॅडमच्या हातातल्या दुसऱ्या कागदावर तेच शब्द होते.

“मी वाचतो,” सर पुढे झाले.

“नाही हो सर, घरातलंच माणूस पाहिजे.” मोबाईल वर झाला. “हं, करा सुरू.”

पुंजारामने घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला. गोरक्षनाथ म्हणाला, “काका, सर्दी झाली का?” आणि एक म्हातारा हसला. पुंजारामच्या कपाळावर घाम दिसू लागला. भरउन्हात सगळेच घामेजले होते, पण त्याचा घाम सरांना ओळखू आला. फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोराच्या कपाळावर तो असतो.

लंकाबाई दारातून आली आणि खांद्याआडून कागद दिसेल अशी नवऱ्याच्या मागे उभी राहिली. पदर तिने तोंडावर ओढून घेतला. बाई लाजली, असं सगळ्यांना वाटलं.

“आमी या… घरा… तील,” पदरातून बारीक आवाज आला.

पुंजाराम क्षणभर दगडासारखा झाला. मग त्याने मान न वळवता खणखणीत आवाजात सुरुवात केली, “आमी या घरातील!”

“मा… नसं… शपत घेतो.”

“मानसं शपत घेतो!”

बरं चाललं होतं. सरांच्या मनात एकेक ‘ण’ ठणकत होता, तरी ते उभे होते. आणि मग तिसऱ्या ओळीत, ‘आम्ही पाण्याचा अपव्यय टाळू’ इथे, लंकाबाई जोडाक्षराला अडली. दुसरीच्या पुस्तकात ‘अपव्यय’ नव्हता. पदरामागून “अप… अप…” एवढंच येत राहिलं.

पण अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असाच वाया जात नाही. पुंजाराम थांबलाच नाही.

“आमी पान्याचा उपाय टाळू!”

सरांचं तोंड उघडलं. हन्ना समोरच्या कट्ट्यावर बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही, नुसता हातातला रुमाल घडी करायला घेतला. गावाने पाण्यावर कसलाही उपाय न करण्याची शपथ घेतली होती, आणि ती पंचायत समितीपर्यंत जाणार होती. सरांनी तोंड मिटलं. गिळताना त्रास झाला, पण गेलं.

“खूप छान,” मॅडम मोबाईल खिशात घालत म्हणाल्या. “काय खणखणीत वाचता हो.”

“रोजची सवय हाय,” म्हातारे अभिमानाने म्हणाले.

जीप गेली, माणसं पांगली. सर बुटाची नाडी बांधत मुद्दाम रेंगाळले. पुंजाराम कागदाकडे बघत उंबऱ्यावर बसला होता.

“कवापासनं?” त्याने विचारलं.

“ज्योती पयलीला गेली तवापासनं.”

“कशापायी?”

लंकाबाईने पदर डोक्यावर सारखा केला. “तुमी वाचायचा तो पेपर मी रोज भाकरीखाली घ्यायचे. बिबट्याची बातमी इतकी मोठी, आन पेपरात बिबट्याचं चित्र न्हाई. मला वाटलं, बघावं तरी, खरं काय छापत्यात.”

“मंग? कोनतं बरं हाय?”

“तुमचं,” ती म्हणाली. “छापिलात जावईच न्हाईत.”

पुंजारामने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. “उद्या चारला,” तो म्हणाला, “पाराव जायच्या आदी एकदा मला सांगत जा, खरं काय हाय ते. पुडचं मी बघतो.”

सरांची नाडी केव्हाच बांधून झाली होती. ते उठून घराकडे निघाले. वाटेत वाल्मिकच्या भिंतीवर ‘ऊठणे’तला ऊ दीर्घ होता. त्यांनी तो दोन महिने बघून ठेवला होता. आज खिशात निळा खडूही होता. ते थांबले, बघितलं, आणि पुढे गेले.

हन्ना ओसरीत पंख्याखाली बसली होती.

“दमलात,” ती म्हणाली. “पानी देऊ?”

ती मिशनच्या शाळेत शिकलेली. तिचा ‘ण’ आयुष्यात कधी चुकला नव्हता. सरांनी तिच्याकडे बघितलं. तिने फिरत्या पंख्याकडे बघितलं.

“दे,” सर म्हणाले. “थंड असलं तर बरं.”